वर येणाऱ्याची वाट

४ ऑक्टोबर
पोचले! नेब्रास्कात बावीस वर्षं शाळेची बस चालवली, शाळा बंद पडली, आणि आता बावन्नाव्या वर्षी युटातल्या या लाल कड्यांच्या गावात नवी नोकरी. मालक व्हर्लिन स्टॅग, साठीचा, बोलका, हसरा. पायी भटकणाऱ्यांना पठारावरून कोल्टर घळीच्या तळाशी सोडायचं आणि ठरल्या दिवशी परत आणायचं, एवढंच काम. खोली आर्डिथ नावाच्या विधवेकडे मिळाली. तिच्या धर्मात कॉफी वर्ज्य, घरात चालत नाही, म्हणून माझा थर्मास मी अंगणात उघडते. संध्याकाळी कडे आतून पेटल्यासारखे दिसले. इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

६ ऑक्टोबर
व्हर्लिनने शेजारी बसून वाट दाखवली. सात मैल, कड्याच्या अंगात कोरलेली, एका गाडीपुरती. उतरताना उजवा आरसा दगडाला घासतो आणि डावीकडे, माझ्या दाराबाहेर, काहीच नसतं. माझे हात घामेजलेले पाहून म्हणाला, "शाळेतली पोरं सांभाळलीस ना, नोरीन? हे दगड त्यांच्याहून गरीब आहेत."
नियम एकच. वर चढणाऱ्या गाडीचा हक्क पहिला, उतरणाऱ्याने मागे घ्यायची. चौथ्या मैलावर कडा नाकासारखा पुढे आलाय, त्याला नाकाडच म्हणतात, पलीकडचं काही दिसत नाही. मी सवयीने थांबून एक हॉर्न दिला. जरा वेळाने पलीकडून दोन आले. मी गाडी मागे घ्यायला लागले, तर त्याने स्टिअरिंगवर हात ठेवला. प्रतिध्वनी आहे म्हणाला, चल पुढे. पलीकडे खरंच कुणी नव्हतं. पण तळापर्यंत तो पुन्हा पुन्हा मागे वळून बघत होता.

९ ऑक्टोबर
आज एकटीने हॉलिस आणि त्याची बहीण डॅग्नी यांना खाली सोडलं. दोघं सत्तरीला टेकलेले, हौशी. तेरा तारखेला दुपारी आणायचंय. घळीत कुठे झरा नाही, त्यांच्याजवळ चारच दिवसांचं पाणी.
नाकाडावर एक हॉर्न दिला. दोन आले. गाडी मागे घेत रुंद जागी आणली, इंजिन बंद केलं. पहिल्या गिअरमध्ये धापा टाकत चढणारी गाडी मला स्पष्ट ऐकू येत होती, चाकांखालची खडीसुद्धा. वीस मिनिटं थांबलो. कुणी आलं नाही. वळणावरच्या धुळीत एकही ताजी खूण नव्हती. हॉलिसनेही ऐकलं होतं. तो हसला, पण बहिणीचा हात धरून बसला.

११ ऑक्टोबर
आर्डिथला विचारलं. ती घेवडा निवडत होती, मान वर न करता सांगत गेली. पाच वर्षांपूर्वी व्हर्लिन उतरत होता, शेजारी आर्डिथचा नवरा. नाकाडावर एक कुटुंब वर चढत आलं: नवरा, बायको, बायकोची म्हातारी आई. मागे व्हर्लिनने घ्यायची होती. त्याने घेतली नाही. घाईत होता. हात हलवून त्यांनाच मागे जायला लावलं. त्यांचं मागचं चाक कडेवरून सुटलं, गाडी तिघांसकट घळीत गेली.
व्हर्लिनने शेरिफला सांगितलं, मला वाटेत कुणी भेटलंच नाही. आर्डिथच्या नवऱ्यानेही तेच सांगितलं, मरताना तिच्यापाशी खरं बोलला. तीही गप्प राहिली. गाव चालतं ते व्हर्लिनच्या गिऱ्हाइकांवर.
"इथलं कुणी त्या वाटेने गाडी नेत नाही," ती म्हणाली. "म्हणून तो बाहेरची माणसं आणतो. तू तिसरी."
आधीच्या दोघांचं काय झालं, असं मी विचारलं. ती घेवडा पुन्हा पहिल्यापासून निवडायला लागली.

१२ ऑक्टोबर
व्हर्लिनला तोंडावर विचारलं. नाकारलं नाही त्याने. "मी फक्त हात दाखवला. मागे जायचं त्यांनी ठरवलं."
मी सांगितलं, उद्या त्या दोघांना वर आणते आणि थेट शेरिफकडे जाते. आजच का नाही, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, शेरिफकडे जबाबात अडकले तर माझ्याशिवाय त्यांना आणायला कोण जाणार? तू जाशील? मग अगदी शांतपणे त्याने विचारलं, किती वाजता निघणार.
मी सांगून टाकलं. का सांगितलं—

१३ ऑक्टोबर, ११.२०
नाकाड. वही मांडीवर. मी हॉर्न दिलेला नाही. तरी पलीकडून दोन आले.

११.३५
इंजिन चढतंय. जवळ. मागे घेत होते — आरशात व्हर्लिनची जीप. वाट अडवून उभा. मी हात केला, मागे जा. त्यानेही हात केला. पुढे जा.

११.४१
खाली दोन ठिपके. हॉलिस, डॅग्नी. हात हलवताहेत. त्यांना वाटतंय मी येतेय.
उजवं दार दगडाला चिकटलंय. डावं उघडलं तर खाली हवा.

११.४६
आता व्हर्लिनलाही ऐकू येतंय. चेहरा पांढरा पडलाय. तरी मागे घेत नाही. मागे घेतली तर पाच वर्षांपूर्वीही घेता आली असती, हे कबूल होईल—

वळणावर धूळ उठली. त्या गाडीत कुणीतरी रडतंय, म्हातारा आवाज. मागून जीपचा धक्का बसला. पुन्हा. ब्रेक पूर्ण दाबलाय, दोन्ही पायांनी, तरी गाडी