लॅपटॉपमध्ये नसलेले सूर

प्रिय रविराज,

'प्रिय' लिहिलंय ते नऊ वर्षांच्या सवयीनं. हुरळून जाऊ नकोस.

राहात्याच्या लॉन्सवरच्या कार्यक्रमाला महिना झाला, तुझा एक फोन नाही. लाज वाटत असेल, असं आधी वाटलं. मग आपल्या कोरसमधली आरती सांगत आली, की तू सगळीकडे म्हणतोस, सुकन्या बेसूर व्हायला लागली. वा रे वा! चोराच्या उलट्या बोंबा!

तुझा तो लॅपटॉपमधला पियानो मी ओळखून आहे. खऱ्या पियानोचा एकेक सूर रेकॉर्ड केलेला, हळू वेगळा, जोरात वेगळा, असे हजारो आवाज. तुझ्या जुन्या लॅपटॉपला ते ओढवत नव्हते, भर गाण्यात खरखर यायची. म्हणून तालमीत सगळी गाणी एकदा वाजवायचास आणि ज्या सुरांना बोट लागलं नाही ते मेमरीतून काढून टाकायचास. किती कौतुकानं दाखवलं होतंस मला! तेव्हा तू मला फार हुशार वाटायचास. अजूनही बरंच काही वाटायचं, ते जाऊ दे.

त्या संध्याकाळी पहिल्याच गाण्यात माझा घसा धरला. म्हणून मी बोटांनी खूण केली, पट्टी खाली घे. तू मान डोलावलीस, बटण दाबलंस, वाजवायला लागलास. पण खालच्या पट्टीचे सूर लॅपटॉपमध्ये होतेच कुठे? एक वाजला की दोन गायब. मी तशीच गात राहिले आणि लोक हसायला लागले. चूक कुणाचीही होते रे. पण तू माइक घेऊन म्हणालास, मॅडमचा सूर हलला, सांभाळून घ्या. नऊ वर्षांत मला मॅडम कधी म्हणाला नव्हतास.

शिर्डीच्या हॉटेलातला माझा गुरुवारचा कार्यक्रम आता ती नवी गायिका दिशा करते, साथीला तू. गाऊ दे बिचारीला, तिच्यावर माझा राग नाही.

नुसत्या शिव्या द्यायच्या असत्या तर फोनवरही दिल्या असत्या. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिलं. वरचे सूर परत यायचे नाहीत, यापुढे खालच्या पट्टीतच गायचं. घरी अजून कुणाला सांगितलं नाही. आधी तुलाच सांगतेय, काय म्हणावं मला! उतरलेल्या आवाजाची बाई लोक ऐकतील, बेसूर बाईला कोण बोलावणार? येत्या गुरुवारी मी हॉटेलात पुढच्या खुर्चीवर बसणार आहे. पहिल्या गाण्याआधी माइक घे आणि खरं काय झालं ते सांग. नाही सांगितलंस तर मी उठून सांगेन. मला माइक लागत नाही.

एके काळची तुझीच,
सुकन्या