नायिकेची नणंद

प्रिय मिनल,

हे तुले पाठवणार नाही. माझा भाऊ प्रफुल तुझे सगळे मेसेज वाचते, मले माहीत आहे.

कथेच्या अ‍ॅपवर 'अबोली' नावानं लिहिते ती बाई मले फार आवडते. तिच्या प्रत्येक भागाखाली मी 'संत्राबर्फी' नावानं कमेंट करते. मागच्या भागात नायिकेचा नवरा रागावला की गॅसचा रेग्युलेटर काढून ऑफिसात घेऊन जाते. मी लिहिलं, 'काहीही! असा नवरा असते का कुठं? आता दोघांचं जुळवून टाका, लेखिकाताई.' सगळे वाचक माझ्याच मागं लागले, जुळवा, जुळवा.

आज तुमच्याकडं आली. प्रफुल मिहानच्या ऑफिसातून येऊन आंघोळीले गेला. चार्जर पाहाले त्याच्या बॅगेत हात घातला, तर हाताले रेग्युलेटर लागला.

तू ओट्याजवळून म्हणाली, "ताई, गॅस संपला वाटते. चहा बाहेरून मागवू का?"

मी "हो" म्हटलं. तुझ्याकडं पाहवलं नाही.

तू मोबाईलवर शेवटचा भाग लिहून राहिली असशील. मी जुनी कमेंट काढली अन् नवी टाकली: 'लेखिकाताई, नायिकेले नणंद काहून नाही? एक द्या. ती बेसा भागात एकटी राहते. तिच्या घरचा गॅस चालू आहे.'

कमेंट पडताच तुझा फोन वाजला. बाथरूमचं पाणीही बंद झालं.

वाच वं, लवकर.

तुझी,
संत्राबर्फी