चार बोटं जागा

अण्णा, तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, अन् मी बंगळूरला बसून तुमच्याच धंद्याचं ॲप करून राहिलोय. मोबाईलवर अर्ज, तक्रार लिहायचं. बनवणारी पोरं शिकलेली; मी नववी नापास. माझा बाप लोह्याच्या तहसीलसमोर अर्ज लिहायचा, माणसाच्या मनातलं कागदावर कसं येतं ते मला ठाऊक आहे, एवढ्या बोलीवर मला घेतलं. सुरुवात कशानं करायची, असं विचारल्यावर मी छाती काढून म्हणालो, विषयानं. तुमच्या प्रत्येक कागदावर तोच वर असायचा ना! आता विषय भरल्याशिवाय पुढचं पानच उघडत नाही.

परवा ते लोकांच्या हातात देऊन बघायला मला लातूरला पाठवलं. एका बाईच्या घरात शेजाऱ्याच्या मोरीचं पाणी शिरतंय. ती पहिल्याच ओळीवर अडली. "इषय काय लिवू बाबा? आधी ऐकून तर घे!" मी म्हणालो, मावशी, थोडक्यात लिवा. "थोडक्यात सांगता आलं असतं तर शेजारणीलाच नसतं का सांगितलं?" फोन माझ्या हातात टेकवून निघून गेली. मला तिथंच लहानपणी बघितलेलं डोळ्यांपुढं आलं. तुम्ही टपरीत बसलाय. समोरचा म्हातारा बांधाचं भांडण सांगायला आलाय अन् भावाच्या लग्नातल्या जेवणापासून सुरू झालाय. मी कावलोय: अण्णा, कामाचं विचारा की. "गप ऱ्हा. त्याचं त्यालाच अजून सापडलं न्हाई, अन् तुला घाई!" तो पुरता रिकामा झाल्यावर तुम्ही पेनचं टोपण काढता, कागदावर वर चार बोटं जागा सोडून खाली लिहिता, वाचून दाखवता. तो "बरोबर, हेच" म्हणतो, तेव्हा कुठं वर विषय भरता. रोज बघितलं, अण्णा, अन् ध्यानात राहिला तो फक्त पुरा झालेला कागद.

सोमवारी ॲप सगळ्यांच्या हाती जाणार. विषयाचं मीच चुकीचं सांगितलं, हे खरं सांगावं तर नोकरी जाईल, अन् माझ्याकडं दहावीचाही कागद नाही. गप्प बसावं तर कितीतरी मावश्या तशाच उठून जातील. आज साहेबाला गाठून बाईचं तेवढं सांगितलं, तुमच्या चार बोटं जागेचं नाही. ती ओळ शेवटी न्या, म्हणालो. नेली त्यांनी. हे पत्र कुठं टाकायचंच नाही, म्हणून लिहितो: साहेब हसून म्हणाले, म्हणजे तुझ्या वडिलांची पद्धतच चुकीची होती तर. मी मान डोलावली. वर म्हणालो, जुनी माणसं, साहेब.