सरळ रस्त्यावरचं वळण

४ मार्च, सोमवार

सात नंबरच्या मार्गावर वाचवायला अर्धं मिनिट सापडलं! नव्या शाळेच्या अलीकडे, त्या उंच इमारतींसमोर, गाडी प्रत्येक फेरीला थांबते. खांब नाही, पाटी नाही, चढत-उतरत कुणी नाही. वेळापत्रकाच्या वहीत कुण्या जुन्या कारकुनाने कारण लिहिलंय — 'अवघड वळण'. डोंबलाचं वळण! रस्ता सरळ सूत आहे.

साहेब खूश. "शनिवारी नवं वेळापत्रक. ते थांबणं काढून टाका. पुलापलीकडच्या वस्तीला एक जादा फेरी निघेल."

५ मार्च

आगारात ड्रायव्हरांना विचारलं. सगळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. शेवटी एक म्हणाला, "ताई, मला शिकवणारे थांबायचे, म्हणून मी थांबतो." अरे, पण का? "ते त्यांनाही ठाऊक नव्हतं." धन्य!

संध्याकाळी आईला दवाखान्यात न्यायचं होतं. तिचा डावा पाय जन्मापासून आखूड, त्या बुटाला जाड तळ. जिना उतरायलाच दहा मिनिटं. मी खेकसले — "आटप ना, बस जाईल!" ती आपली शांत. "पळायचं नाही, बस थांबते." जन्मभर हेच पालुपद! कुठली बस थांबते कुणासाठी? वेळापत्रक मी करते, मला विचार म्हणावं.

बस गेलीच.

६ मार्च

आईशी धड बोलले नाही. ती पण नाही. भाजी खारट झाली, दोघींनी मुकाट खाल्ली.

७ मार्च, गुरुवार

आगारातले सगळ्यात जुने ड्रायव्हर अजून हयात आहेत — ब्याऐंशी वर्षांचे, सगळे मामाच म्हणतात. त्यांच्या घरी गेले. वळणाचं नाव काढताच मामा खो-खो हसले.

"तिथे वीटभट्टी होती गं. मजुराची एक पोर शाळेला यायची. पाय अधू, एका बुटाला हा एवढा तळ. थांबा पार पुढे. धावायची, पडायची. मग मी भट्टीसमोरच गाडी उभी करायला लागलो. पहिल्या दिवशी खिडकीतून ओरडलो, 'पळायचं नाही, बस थांबते!' वरून विचारणा आली तेव्हा आमच्या कारकुनाने वहीत वळण घातलं. पोरीला काही सांगितलं नाही. लाजली असती."

"नाव काय होतं तिचं?"

"कुणी विचारलंय! चढली की हसायची, बस्स."

चहा तसाच ठेवून उठले. आई भट्टीवर वाढली एवढं माहीत होतं. कुठली भट्टी, शाळेत कशी जायचीस — एकदाही विचारलं नाही मी! घरी आले तर तिचा बूट दाराशी. हातात घेऊन बसले. रडले, हो.

८ मार्च

सकाळी आईची वेणी घालताना सहज विचारल्यासारखं केलं. आई म्हणाली, "बसनं जायचे की. थांबा अगदी भट्टीच्या दारात होता. नशीब बघ माझं!"

"खरंच गं," म्हटलं. वेणीचं टोक बांधलं.

दुपारी साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसून वही पुढे ओढली. मग म्हणाले, "जादा फेरीचं बघू दुसरीकडून."

९ मार्च, शनिवार

वहीत 'अवघड वळण' खोडलं आणि लिहिलं — 'थांबा'. साहेबांची सही झाली, सोमवारी खांब लागतोय. आईला मात्र हे नवं म्हणून सांगायचं नाही. तिच्या लेखी तो तिथे होताच.