बाशिंगातला नवरदेव

१२ जानेवारी, रविवार
ठरलं! म्हणजे बाबांचं ठरलं. पुढच्या रविवारी जिंतूरचे पाहुणे मला बघायला येणार, पसंती झाली की लगेच सुपारी फोडणार. "आणि मला पसंत नसलं तर?" विचारलं. बाबा म्हणाले, "चहा झाला का?"

आईनं लगेच पोथी काढली. रुक्मिणीहरणाची, चित्रांची, तिच्या माहेरून आलेली, देवघरात तांबड्या फडक्यात बांधलेली असते. आईकडच्या प्रत्येक मुलीनं पाहुणे यायच्या आधी त्यातल्या नवरदेवाला कुंकू लावायचं. चांगला नवरा मिळतो म्हणे. मला तर मिळालाय, हे आईला कसं सांगू?

१३ जानेवारी
लावलं कुंकू. नवरदेवाचं तोंडच दिसत नाही — आई, मावशी, आजी, पणजी, सगळ्यांच्या बोटांचा थर! नुसतं बाशिंग तेवढं वर राहिलंय. रुक्मिणी मात्र झकास. पलीकडचा डोळा गाल सोडून पार बाहेर! जुन्या चित्रांत असाच काढायचे, माझा धम्मदीप म्हणतो.

१५ जानेवारी
धम्मदीप आमच्या घरात! आमच्या ओट्यावर, आईच्या हातचा चहा पिताना! जुन्या पोथ्यांचे फोटो काढायचं काम करतो तो. आमची पोथी दाखवायला मीच आईला राजी केलं. दोन वर्षं परभणीत चोरून भेटतोय आणि आज मला "ताई" म्हणाला. गधडा! माझ्या हातून पाणी सांडलं.

आईला विचारून त्यानं मऊ ब्रशनं सुटं कुंकू झाडलं. बाशिंगावर तांबडी अक्षरं निघाली. आम्ही दोघांनी डोकी जवळ आणून वाचली — शिशुपाळ!

शिशुपाळ!! भावानं ठरवलेला, रुक्मिणीला नको असलेला! आणि कृष्ण? तो पानाच्या कडेला, देवळापाशी रथ घेऊन उभा. बाशिंग नाही, म्हणून इतक्या बायकांत एकीनंही त्याला बोट लावलेलं नाही.

आईला सांगितलं. तिनं आधी चित्राकडं पाहिलं, मग अंगणात पेपर वाचत बसलेल्या बाबांकडं.
"तरीच!"
पदर तोंडाला लावून किती हसली! मी तिला असं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

१६ जानेवारी
धम्मदीपचा मेसेज — "रविवारी सकाळी देवीच्या देवळापाशी ये. रथ नाही, मोटारसायकल आहे." हो म्हटलं! हो, हो, हो! दिवसभर पाय जमिनीवर नाहीत. भाजीत मीठ दोनदा पडलं.

१७ जानेवारी
सांगून टाकलं आईला. ती भाकरीचं पीठ मळत होती.
"फोटोवाला?"
"हो. पेडगावचा. बौद्ध आहेत ते."
ती मळतच राहिली. मग म्हणाली, "आन् देवळातून पळून जायचं ठरवलाव. त्या चित्रावानी."
मी परातीत पाणी ओतलं.
"तू जाशील गं. मागं तुज्या बाबापुढं कोन हुभं राहील? मीच ना?"
मी आठवड्यात पहिल्यांदा रडले. तिला सोडून जायची भीती वाटते, आणि त्याला सोडायची त्याहून जास्त.

१९ जानेवारी, रविवार
सकाळी आईनं माझ्याच फोनवरून धम्मदीपला सांगितलं — "देवळापाशी थांबू नको. मायबापाला घिऊन सरळ दारात ये, मागनी घालायला. जिंतूरच्या पाव्हण्यायला मी येऊ नका म्हनलंय."

बाबांना यातलं काहीच माहीत नाही. नवा सदरा घालून ओट्यावर बसलेत, पाहुण्यांची वाट बघत.