जळक्या तांब्याचे शेअर

८ ऑगस्ट

आला! जेवून कॉटवर आडवा झालो होतो, डोळा लागत आलेला, आणि उशीखाली मोबाईल एकदाच टुणकन वाजला. तेवढ्या आवाजावरूनच कळलं — बँकेचा. वीज कंपनीचा लाभांश जमा.

किती छान वाटतं ते लिहून सांगता येत नाही. मी इथं बेलापुरात आडवा पडलोय, आणि तिकडं कुठं तरी, डोंगराच्या पलीकडून, उंच तारांमधून वीज पळतेय. पळता पळता माझ्या खात्यात चिमूटभर टाकून पुढं निघून गेली. थांबली पण नाही.

मनकर्णा भांडी घासता घासता म्हणाली, "किती?" सांगितलं. "एवढंच?" म्हटलं, "तुझ्या घरातलं वर्षाचं तेल, डाळ आणि गॅस. न हलता." तर म्हणते, "मग नका हलू. झोपा."

झोप कसली! पंख्याकडं बघत राहिलो. पंखा फिरतोय तोवर माझं चालतंय.

१२ ऑगस्ट

श्रीरामपूरला गेलो होतो, अश्विनीच्या ऑफिसात. शेअर घेण्या-विकण्याचं सगळं तीच बघते. पोरगी माझ्या लेकीच्या वयाची, पण रागावते आईसारखी. तिथं एक कापसाचा व्यापारी फोनवर ओरडत होता — "गेला! अजून खाली गेला!" — घाम पुसत होता. अश्विनी माझ्याकडं बघून म्हणाली, "काका, तुम्ही माझं सगळ्यात कंटाळवाणं गिऱ्हाईक. तेवढी पाचच मिनिटं बसा, ऑफिसात शांत वाटतं."

म्हणाली, एक नवी कंपनी आहे, वर्षात दुप्पट होईल म्हणतात. म्हटलं, नको बाई. मी पस्तीस वर्षं मोटरींचे आवाज ऐकतोय. जी मोटर लई जोरात गरजते ती चार महिन्यांत माझ्याकडं दुरुस्तीला येते. चांगली मोटर चालू आहे की बंद हे कान लावल्याशिवाय कळत नाही. माझी वीज कंपनी तशी आहे. माणूस एखाद्या साली सोनं घेणार नाही, गाडी घेणार नाही. पण दिवा मालवून अंधारात बसेल का?

आणि हे शेअर आले कुठून, तर जळक्या तांब्यातून. मोटर जळाली की शेतकरी आणतो, मी आतलं तांब्याच्या तारेचं जुनं वायंडिंग तोडून काढतो, नवं भरतो. जुनं तांबं मिस्त्रीचं — ही आमच्या धंद्याची रीत, कुणी मागत नाही. बाकीच्यांनी त्या मोडीचं काय काय केलं ते मी बघितलंय. माझं ठरलेलं. विजेनं जाळलेलं तांबं मोडीत द्यायचं आणि त्याचे शेअर घ्यायचे — विजेचेच. जाळलंस ना? मग आता पोस!

दिवाळीपासून दुकान कायमचं बंद. मनकर्णाला शब्द दिलाय. जळक्या वार्निशच्या वासाशी लग्न झालं माझं, म्हणते ती.

१७ ऑगस्ट

पुणतांब्याला दादाकडं. आमचा कानिफनाथदादा — माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. बाप गेल्यावर त्यानंच मला हाताला धरून मिस्त्रीकडं कामाला ठेवलं. गोदावरीच्या कडेला त्याची पेरूची बाग. ढग खाली आलेले, पाणी गढूळ, नदी जागच्या जागी झोपल्यासारखी.

बागेत बघतो तर लाल फडकी बांधलेल्या खुंट्या! विजेची नवी मोठी लाइन येतेय, तिचा टॉवर बरोबर बागेत. चार-सहा पोरं दुर्बीण लावून मोजत होती, गावातली माणसं बांधावर गोळा झालेली. आणि मला काय झालं कुणास ठाऊक — ऊरच भरून आला. इतकी वर्षं त्या तारा लांबून बघायच्या, आणि आता त्या माझ्या दादाच्या शेतावरून जाणार! मी सगळ्यांसमोर म्हणालो, "अरे, ही तर आपलीच कंपनी!"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. कुणी तरी म्हणालं, "मालक आले, सरका!" हशा झाला. मी पण हसलो.

दादा हसला नाही. म्हणाला, "आपली? तुझी आसंल."

म्हटलं, भरपाई मिळते दादा, झाडाचे पैसे देतात, नियम आहे.

"झाडाला सांग नियम."

येताना बसमध्ये खिडकीला डोकं टेकून जुन्या तारा बघत आलो. एक खांब, दुसरा खांब, तिसरा... मधे तारा खाली झोका घेतात आणि परत वर चढतात. डोळे मिटले तरी दिसत होत्या.

२२ ऑगस्ट

पोळा. दरसाल मी दादाकडं असतो. दादा बैल धुतो, शिंगं मी रंगवतो. एक शिंग माझ्या हातानं वाकडं रंगलं की तो म्हणतो, "मिस्त्री, हे काय वायंडिंग हाय व्हय?" — हे दरसाल. दरसाल हसतो.

आज बोलावणं नाही. फोन केला. उचलला. पलीकडं श्वास ऐकू आला, त्याचाच, थोडा घरघरणारा. मग ठेवला.

तासाभरानं चांगुणा वहिनीचा आला. हळू आवाजात. "भावजी, मी येऊ नका म्हनत न्हाई. पर ह्यांनी सकाळीच सांगितलंय — कंपनीचा मालक आपल्या पंगतीला नको."

पुरणपोळी घरीच खाल्ली. गोड लागली नाही म्हणायचं नाही मनकर्णाला, म्हणून दोन जास्त खाल्ल्या.

३ सप्टेंबर

पाऊस. मोटरी कमी. गिऱ्हाईक नाही तेव्हा दुकानात एक गंमत असते — वार्निश सुकवायच्या भट्टीची ऊब, तारेचं रीळ, आणि बाहेर रस्त्यावर पाणी उडवत जाणारे टेम्पो. मी असाच तंद्रीत. लाइन गोदावरी ओलांडताना कशी दिसेल, तेच डोळ्यांसमोर. पाण्यात तिची सावली पडेल का?

मग दादाचा चेहरा दिसला आणि तंद्री मोडली.

९ सप्टेंबर

पुणतांब्याचे दोघं मोटर टाकायला आले. मी आत कॉइल भरत होतो, त्यांना वाटलं कुणी नाही. माझे कान! लोकांना वाटतं मोटरीपुरतेच आहेत.

"कानिफनाथानं खुंट्या उपटल्या म्हनं."

"उपटल्याच. आता पोलिस घिऊन येनार हायेत ते."

"सख्खा भाऊ कंपनीत आसून?"

"त्याला काय! त्याला तिकडून पैसं येत्यात."

मी बाहेर आलो तर दोघंही मोटरीकडं बघत उभे. म्हटलं, "बेअरिंग गेलंय, उद्या न्या." आवाज माझाच मला परका वाटला.

१४ सप्टेंबर

न बोलावता गेलो. दादा पेरूखाली पोतं टाकून बसला होता. वहिनीनं चहा आणून ठेवला आणि लगेच आत गेली. मी म्हटलं, दादा, मी कंपनीत कुणी नाही रे, माझ्यासारखे लाखो आहेत, मी सांगून टॉवर हलणार नाही.

"मी टावर हलीव म्हनलो का?"

"मग?"

वाऱ्यानं पानं हलायची आणि सकाळचं पाणी अंगावर पडायचं. मग म्हणाला — हे शब्दाला शब्द लिहितोय, कानातून जातच नाहीत —

"वाल्म्या, तू हितं येतोस अन् वर बगतोस. दर टायमाला. ती लांबची तार बगतो, खांब बगतो, कुठनं कुठं चाललीय ते मला सांगतो. कवा खाली बग की. मी म्हातारा झालो त्ये तरी दिसंल."

मी खाली बघितलं. पायाला सूज होती. कधीची, कुणास ठाऊक.

"ती कंपनी सोड," म्हणाला, "मग ये."

"दादा, ते माझं म्हातारपण आहे."

"अन् मी कोन हाय?"

चहा तसाच राहिला.

२० सप्टेंबर

कुणाशी बोलावं? कागदाशी.

सगळं डोकं सांगतंय — विकू नको. विकून टॉवरचा एक नट ढिला होणार नाही. पैसे बँकेत ठेवले तर व्याज तेवढ्यास तेवढंच, शेअरसारखा दरसाल वाढता वाटा मिळणार नाही. दुकान चालू ठेवावं लागेल. म्हणजे मनकर्णाला दिलेला शब्द मोडला.

आणि दुसरीकडं सुजलेला पाय.

२१ सप्टेंबर

मनकर्णाला सगळं सांगितलं. ती वाती वळत होती. म्हणाली, "दिवाळीपासून तुमी दुपारी घरी आसाल, हे मी धरून बसलेय. दोघांनी दारात खुर्च्या टाकायच्या, एवढंच." मग वळता वळता थांबली. "पर त्या खुर्चीत बसून तुमी पुनतांब्याकडंच तोंड करून बसनार आसाल, तर मला काय करायचंय तुमचं?"

४ ऑक्टोबर

दुपारी झोपेत पाहिलं — लांबलचक लाइन, मी तारेवरून चालतोय, अनवाणी, झटका बसत नाही. खाली नदी, बाग, दादाचं पोतं. खाली वाकून बघायला गेलो आणि जाग आली. उशी भिजलेली. घाम असेल.

१० ऑक्टोबर

विकले. सगळे.

अश्विनीनं दोनदा विचारलं. "काका, तुम्ही? कंपनीचं चांगलं चाललंय, पुढचा लाभांश पण येईल. मग का?"

"टॉवर भावाच्या झाडांवर आलाय."

आधी हसली, मग हसायची थांबली. "काका, तुम्ही विकल्यानं टॉवर हलणार नाही."

"माहीत आहे. भाऊ हलतो का बघायचं."

बटण तिनंच दाबलं. काही आवाज झाला नाही. इतक्या वर्षांचं तांबं, कुणाकुणाच्या विहिरीवरची, कुठल्या कुठल्या उन्हाळ्यातली मोटर — सगळं एका टिचकीत. तो कापसाचा व्यापारी आजही होता. मला म्हणाला, "शहाणे आहात, टाइमावर निघालात."

संध्याकाळी पाणी पिऊन दादाला फोन केला. उचलला. म्हटलं, "सोडली कंपनी. एक पण शेअर ठेवला नाही."

मी श्वास ऐकत राहिलो. पुढं काही तरी गळ्यात अडकल्यासारखा आवाज आला, खोकला असेल म्हणून मी सोडून दिला. मग एवढंच — "समदे?"

"समदे."

फोन ठेवला गेला.

११ ऑक्टोबर

दादा आला!! सकाळच्या पहिल्या गाडीनं, काठी टेकत, वहिनीला घेऊन. बागेतले पहिले पेरू पिशवीत. पंगतीला माझ्या शेजारी बसला, माझ्याच ताटातली चटणी उचलली. मनकर्णाला म्हणाला, "तुज्या नवऱ्याला वाढ, वाळलाय." सारखा माझ्याकडं बघत होता. मी बघितलं की दुसरीकडं बघायचा. लाजल्यासारखा. या वयात!

पाय दाखवायला त्याला डॉक्टरकडं नेलं. हट्टानं. गोळ्या दिल्या आहेत.

१९ ऑक्टोबर

दुकान चालू. दिवाळीची झाडझूड केली, भट्टीला हळदीकुंकू वाहिलं. दुपारी कॉटवर पडलो, सवयीनं मोबाईल उशीखाली ठेवला. आता तारांमधून माझ्याकडं कुणी येत नाही. नुसता पंखा. वाईट वाटतंय का? थोडं. खोटं कशाला लिहू. मनकर्णा आज दुकानात डबा घेऊन आली आणि पुढं स्टूल टाकून बसली, वार्निशच्या वासात, नाकाला पदर लावून. म्हणाली, "खुर्ची काय, स्टूल काय."

२ नोव्हेंबर

पुणतांब्याला होतो. खुंट्या उपटल्याचा एवढा उपयोग झाला — टॉवर बांधाकडं सरकवलाय, तरी पाच झाडं गेली. त्यांच्या बुंध्यांजवळ दोघं बसलो होतो. दादानं पेरू फोडला, अर्धा मला दिला आणि नदीकडं तोंड करून म्हणाला,

"वाल्म्या, ती तुजी कंपनी न्हवती. खुंट्या ठोकनाऱ्या पोरांना म्या पयल्याच दिशी इचारलं व्हतं. भलत्याच कुनाची हाय ती. तू तेवढं इचारलं न्हाई."

मी घास गिळला. म्हणालो, "मग मला विकायला का लावलंस?"

"तू इकशील आसं मला वाटलंच न्हवतं रं."