रोज दोन झाकणं

आई आणि पप्पा,

तुम्ही दोघं एकमेकांशी शेवटचं कधी बोललात? हे विचारायची माझी छातीच होणार नाही, असं माझ्या मैत्रिणी तेजल आणि पिंकी म्हणाल्या होत्या. घ्या, विचारलं!

माशांच्या टाकीतलं पाणी पेजेसारखं पांढरं झालंय आणि आपलं जांभळं कोरल टोकांकडून सोलवटायला लागलंय. रोज एक झाकण घातलं तर दोन महिने पुरणारी कोरलच्या कॅल्शियमची बाटली एका महिन्यात संपली, तेव्हा माझी ट्यूब पेटली. पप्पा, तुम्ही नाइट शिफ्टवरून आल्यावर एक झाकण घालता. आई, तू संध्याकाळी दुसरं घालतेस. आधी "घातलं का गं?" अशी हाक तरी यायची.

चौथीत मी नळाचं पाणी ओतून आपला पहिला मासा मारला, तेव्हा दोघांनी मला मधे बसवून पाण्यातलं मीठ मोजायला शिकवलं होतं. आता दहावीत मी सगळं मोजते, पण परीक्षेच्या नादात पंधरा दिवस पाणी तपासलं नाही. तेवढी चूक माझी. सॉरी.

थोडं पाणी बदललंय, मासे ठीक आहेत. नव्या बाटलीला कुणीही हात लावू नका. कोरल डब्यात घेऊन तेजलसोबत बसने देहूरोडला निघालेय, कोरल पाळणाऱ्या सारिकाताईंच्या मोठ्या टाकीत ठेवायला.

सातपर्यंत मी परत येईन, कोरल येणार नाही. मी ठरवलंय, ते आणायला तुम्ही दोघांनी जायचं, एकाच गाडीवर. एकटं कुणी आलं तर देऊ नका, असं ताईंना सांगून येणार आहे.

करिष्मा